आंबोली ते तिलारी: जंगलातले शिकारी पक्षी कसे शोधावेत, कसे ओळखावेत

जानेवारीच्या शेवटी सावंतवाडीला मुक्काम टाकून आंबोली घाट, चौकुळचा सडा (उघडं कातळी पठार) आणि मग दोडामार्ग तालुक्यातलं तिलारीचं खोरं असा फेरा केला. शोध होता तो जंगलात राहणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा. किनाऱ्यावर घार आणि ब्राह्मणी घार मान वर केली की दिसते. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्री गरुडही नशिबात असला तर दिसतो. घाटातल्या दाट रानात मात्र हे पक्षी डोळ्यांनी शोधत बसलात तर दिवस फुकट जातो. तिथे आधी कान लागतात, मग आकाराची समज, आणि रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी.

आंबोलीत सकाळी सातला बाहेर पडणं इतर पक्ष्यांसाठी उत्तम. गरुडांना मात्र घाई नसते. ऊन तापून दरीतून गरम हवा वर येऊ लागली की ते तिच्यावर स्वार होतात, म्हणजे साधारण साडेनऊ ते साडेअकरा. त्या वेळेला महादेवगड किंवा कावळेसादच्या कड्याशी उभं राहा. इथे एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: कड्यावरून पक्षी बरेचदा आपल्या पायाखाली उडतो, त्यामुळे त्याची पाठ दिसते आणि पुस्तकातली चित्रं असतात पोटाकडची. निघण्याआधी वरच्या बाजूची चित्रंही नीट बघून घ्या.

सर्पगरुड ओळखायला सोपा. घिरट्या घालताना तीन-चार लांब शिळा घालतो आणि खालून पाहिलं तर पंखांच्या मागच्या कडेजवळ रुंद पांढरा पट्टा दिसतो, तसाच शेपटीवरही. काळ्या गरुडाची चाल निराळी. तो झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, अतिशय संथ, पंख न हलवता सरकतो आणि घरटी धुंडाळत जातो. पंख मुळाशी अरुंद, टोकाला बोटं फाकलेली, पाय पिवळेजर्दक. शेकरू अचानक एका जागी थिजून कर्कश ओरडायला लागलं, तर त्याच्याकडे बघत बसू नका, वर बघा.

खरी कसोटी लहान शिकाऱ्यांची: शिक्रा, बेसरा आणि क्रेस्टेड गॉसहॉक. हिरण्यकेशीच्या वाटेवर आमच्या स्थानिक सोबत्याने हात धरून थांबवलं आणि म्हणाला, "हे बुलबुल कित्याक ओरडतत? वर कोणतरी बसलेलो असतलो." दुर्बीण लावायच्या आधी आम्ही नुसते ऐकत उभे राहिलो. बुलबुलांचा कलकलाट एकाच जांभळीभोवती गोळा होत होता. फांदी-फांदी चाळली तेव्हा खोडालगत, सावलीत, पाठ गडद पाटीच्या रंगाची असलेला एक पक्षी सापडला. मान वळवली आणि पांढऱ्या गळ्यावरची मधली काळी रेघ स्पष्ट दिसली. छातीवर उभे फराटे, त्याखाली पोटावर आडव्या पट्ट्या, शेपटीवर रुंद गडद पट्टे, पाय काटकुळे आणि मधलं बोट लांबलचक. बेसरा! बुलबुल इतके जवळ येत होते की तो डोकं खाली घालून त्यांना चुकवत होता. शेवटी कंटाळून झाडीतच खालच्या अंगाला घुसला. बेसरा असाच जातो, उघड्यावर फारसा येत नाही.

शिक्र्याच्या गळ्यावरही रेघ असते, पण पुसट. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याची पाठ फिकी राखाडी, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेषा आणि नराचे डोळे लाल. तो बागेत, वाडीत, गावाच्या कडेला दिसतो. अर्थात अधिवासावरून निकाल देऊ नये, आंबोली गावातच शिक्रा आहे. पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत तर दोघांच्याही छातीवर तपकिरी फराटे असतात. तिथे गळ्याची रेघ, शेपटीचे पट्टे आणि पायाची जाडी या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय नाव लिहू नका. नुसतं "शिक्रा किंवा बेसरा" लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे.

क्रेस्टेड गॉसहॉक अंगाने भरदार. पाय दणकट, डोक्यामागे आखूड शेंडी, पंख आखूड आणि रुंद. या दिवसांत तो हवेत प्रदर्शन करतो: पंख किंचित खाली झुकवून अगदी उथळ, थरथरत फडफडवतो आणि शेपटीखालची पांढरी पिसं दोन्ही बाजूंनी फुगवून दाखवतो. तो पांढरा झुपका लांबूनही कळतो. आम्हाला हे दृश्य तिलारीच्या खोऱ्यात, उन्हं तापल्यावर मिळालं, आणि त्या एका फेरीसाठी सगळा प्रवास सार्थकी लागला असं मला मनापासून वाटतं.

दोन फसवे मात्र ओळखून ठेवा. भृंगराज कोतवाल शिक्र्याची आणि सर्पगरुडाची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर नोंद करू नका. दुसरा पावशा. बसण्याची आणि उडण्याची ढब थेट शिक्र्याची, लहान पक्षीही त्याला घाबरून ओरडतात. चोच बघा: शिक्र्याची आकडीसारखी वाकलेली आणि नख्या धारदार, पावशाची चोच साधी, पाय दुबळे.

जायचं कसं? कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड, तिथून एसटी किंवा रिक्षा. सावंतवाडी शहरापासून आंबोली साधारण तीस किलोमीटर, उंची 690 मीटरच्या आसपास. नोव्हेंबर ते मार्च उत्तम, पावसाळ्यात धुक्यात काहीच दिसत नाही. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. तिन्हीसांजेला चौकुळच्या रस्त्यावर गवे उतरतात, गाडी हळू चालवा. तिलारीत रानहत्ती आहेत, म्हणून वनविभागाला विचारल्याशिवाय आणि स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय आत शिरू नका. आणखी एक, जे बाहेरचे लोक विसरतात: या पट्ट्यात माकडताप आहे आणि तो गोचिडीतून पसरतो. पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, मुक्कामी परतल्यावर अंग नीट तपासा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचा मोह होतो, तो टाळा. विणीचे दिवस इथूनच सुरू होतात. घरटं सापडलं तर त्याच्या झाडाखाली थांबू नका आणि ठिकाण कुठेही जाहीर करू नका, वनरक्षकाला तेवढं सांगून पुढे चला.