बर्फर्डचा कैदी आणि थ्री-टियरमधले उमराव

आईने चर्चच्या दारातच चपला काढल्या. "अगं आई, इथे घालून गेलं तरी चालतं," म्हटलं, तर म्हणाली, "चालत असेल. आपलं आपण पाळावं." दोन मिनिटांत गुपचूप परत घातल्या. मे महिना असला तरी दगडी फरशी गारठलेली. शिवाय त्या फरशीतच जागोजाग थडगी, म्हणजे पाय ठेवायचा कुठे हा नवा प्रश्न. नावं चुकवत चुकवत ती लंगडी खेळल्यासारखी पुढे सरकत होती.

बर्फर्ड हे ऑक्सफर्डशरमधलं, विंडरश नदीकाठचं गाव. बहुतेक लोक उताराचा मुख्य रस्ता पाहून, चहा पिऊन निघून जातात. आम्ही शनिवारची अख्खी सकाळ सेंट जॉन चर्चमध्येच घालवली, आणि त्यातला बराच वेळ बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. कुंडाला आतून शिशाचा पत्रा आहे आणि त्यावर ओबडधोबड अक्षरं खरवडलेली आहेत: अँथनी सेडली, १६४९, कैदी. 'प्रिझनर'चं स्पेलिंगही चुकलेलं, एक 'ओ' गायब.

त्या वर्षी पार्लमेंटच्या बाजूने राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यात बंड झालं. पगार थकलेले, आयर्लंडला लढायला जायची इच्छा नाही, त्यात समतेच्या गोष्टी बोलणाऱ्या लेव्हलर्सची हवा. क्रॉमवेलने रात्री छापा घातला आणि सुमारे ३४० जणांना याच चर्चमध्ये कोंडलं. १७ मे रोजी तिघांना बाहेर आवारात गोळ्या घातल्या. आपल्याकडे गडाच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या घालते. सेडलीला घालवेनात.

पलीकडे आठव्या हेन्रीच्या न्हाव्याचं, एडमंड हार्मनचं १५६९ चं स्मारक. "राजाच्या गळ्याशी रोज वस्तरा म्हणजे विश्वासातलाच माणूस असणार," आई म्हणाली आणि खाली कोरलेली मुलं मोजायला लागली. सोळा! त्यांतल्या दोनच मुली मागे उरल्या हे मी सांगितल्यावर तिने मोजणं थांबवलं.

दुपारी नदीकाठाने तीनेक मैल चालत स्विनब्रुकला. वाटेत विडफर्डचं इवलंसं चर्च, गाव कधीच नाहीसं झालेलं, भोवती नुसत्या मेंढ्या. स्विनब्रुकच्या चर्चमध्ये मात्र फेटिप्लेस घराण्याचे सहा दगडी उमराव एका कुशीवर, कोपरावर रेलून, तीन-तीन फळ्यांवर पहुडलेत. आई हसायलाच लागली. "लोअर, मिडल, अपर! महालक्ष्मी एक्सप्रेस गं!"

"आता गुत्त्यात जायचं?" आईचा हा प्रश्न सकाळपासून तीनदा येऊन गेला होता; पब म्हणजे तिच्या लेखी गुत्ताच. गेलो. शेजारच्या टेबलावर दोन आजीबाई, खाली झोपलेला कुत्रा, एक तान्हं बाळ. आईचा गुत्ता मनातल्या मनात बंद पडला. "वेटर येत नाही तो?" इथे काउंटरवर जाऊन सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोणाचा नंबर कधी हे प्रत्येकाला बरोब्बर ठाऊक असतं. मी हातपंपाने ओढलेली एल नावाची बिअर घेतली, तिला एल्डरफ्लॉवरचं सरबत. माझ्या ग्लासला बोट लावून म्हणाली, "यांचा फ्रीज बिघडलाय का?" ही बिअर तळघरातल्या गारव्याचीच पितात हे तिला काही पटलं नाही.

चिप्स संपत आल्या तेव्हा तिने एकदम विचारलं, "त्या कैद्याचं पुढे काय झालं गं?"

"तिघं सोडून बाकीच्यांना माफी मिळाली."

"मग सांग अजून एक प्लेट."