रोटाचा वाटा

गेल्या श्रावणात आमच्या अमळनेरच्या घरी कानबाईला, म्हणजे आम्हा खानदेशातल्या लोकांच्या देवीच्या सणाला, पुतण्याची बायको पहिल्यांदाच आली. ती जन्मली टोरांटोत, आईवडील त्रिनिदादचे, आणि घराणे चार पिढ्यांचे प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिस्ती. लग्नाच्या वर्षभर आधीच तिने होम करून हिंदू धर्म घेतला होता आणि त्याचा लग्नाशी संबंध नाही, हे ती आवर्जून सांगते. ‘घेतला’ हा शब्दही तिला मान्य नाही. ‘काका, मी परत आले,’ असे तिचे म्हणणे.

ते परतणे समजण्यासाठी तिचे पणजोबा धर्मातून गेले कसे, हे पाहावे लागते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे पहिले जहाज त्रिनिदादला लागले आणि गिरमिटाची, म्हणजे करारावर मजूर नेण्याची, पद्धत १९१७ मध्ये बंद होईपर्यंत लाखाहून अधिक माणसे, बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली, तेथील उसाच्या मळ्यांवर उतरली. १८६८ मध्ये जॉन मॉर्टन या पाद्र्याने तेथे कॅनडाच्या मिशनचे काम सुरू केले. त्याने हिंदी शिकून घेतली आणि मळ्यांजवळ मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. शिकलेल्या मुलाला सर्वांत सहज मिळण्याजोगी प्रतिष्ठेची नोकरी त्याच शाळांतल्या मास्तराची होती आणि तिच्यासाठी बाप्तिस्मा सोयीचा ठरे. शिवाय हिंदू लग्नाला तेथे १९४० च्या दशकापर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. त्यामुळे मंडपात सप्तपदी झालेल्या जोडप्याची मुले सरकारदरबारी अनौरस ठरत. पणजोबा मास्तर झाले. त्यांना धर्मबुडवा म्हणण्याची हिंमत, चार इयत्तांसाठी गाव सोडलेल्या आमच्यासारख्यांनी तरी करू नये.

पुढे १९१० च्या सुमारास आर्य समाजाचे भाई परमानंद तेथे गेले, शुद्धीची, म्हणजे हिंदू धर्मात परत घेण्याची, भाषा रुजली. १९५२ नंतर सनातन धर्म महासभेने स्वतःच्या शाळा काढल्या आणि शिक्षणासाठी धर्म सोडण्याचे कारणच बरेचसे उरले नाही. मात्र तिच्या आजीच्या चर्चमध्ये हिंदी भजने चालूच राहिली. तिला देवाचे पहिले हिंदी शब्द ऐकू आले ते चर्चच्या बाकावर, आणि हे सांगताना ती थोडी ओशाळते. का, ते मला कळत नाही.

आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि तो रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा असतो. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तो चालत नाही. माझी सख्खी बहीण त्या दिवशी आली तर पुरणपोळी आणि गंगाफळाची भाजी खाऊन उठते, आणि ही रीत मला कधीच पटलेली नाही. म्हणून नव्या सुनेचे काय, असे मी आईला विचारले. शुद्धीचा कागद बरोबर आहे, हेही सांगितले. आईने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘आपली सून शे ती. तिले इचारनं कसाले?’

हे ऐकून ती खूश होईल, असे मला वाटले होते. ती गप्प झाली. तिला तिच्या श्रद्धेसाठी पान हवे होते आणि मिळाले ते नवऱ्याच्या कुळामुळे. तो चर्चला जाणारा असता तरी त्याची मूठ मोजली गेलीच असती. थोड्या वेळाने तिने विचारले, पणजोबांच्या नावाने एक मूठ टाकता येईल का? मी अहिराणीत सांगितल्यावर आई म्हणाली, ‘त्यास्ना घरनी मूठ त्यास्नाच घरमा.’ त्यात कडवटपणा नव्हता. ज्या मुलखातून तिचे पूर्वज गेले, तेथे कानबाई कोणाला माहीतही नसेल. ती परतली खरी, पण आमच्या कुळात. तिच्या स्वतःच्या कुळाचा देव कोणता, हे तिच्या घरात आज कोणालाच सांगता येत नाही.

पणजोबांच्या वडिलांच्या गिरमिटाच्या पासाची झेरॉक्स तिच्याजवळ होती. त्यावर गाव, ठाणे, जिल्हा, जात असे सगळे लिहिलेले होते. सोमवारी सकाळी बोरी नदीवर कानबाईचे विसर्जन झाले आणि संध्याकाळी आम्ही दोघांना वाराणसीच्या गाडीसाठी भुसावळला सोडले. रोट घराबाहेर नेत नाहीत, म्हणून आईने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या.