संप तळघरात नेताना हिशोब पंप बंद असतानाचा

मासे आणि प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकखालच्या कपाटात संप (टँकचं पाणी फिरवण्यासाठीची खालची टाकी), स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र), हीटर, डोसिंगच्या म्हणजे मोजून घालायच्या रसायनांच्या बाटल्या आणि वायरींचं जाळं कोंबलेलं असतं. स्किमरचा कप काढायला मान तिरकी करावी लागते, आणि जे काढायला त्रास होतो ते वेळेवर धुतलं जात नाही. हीच सामग्री तळघरात नेली की हात फिरवायला जागा मिळते, मोठा संप बसतो, टँकजवळचा आवाज जातो आणि सांडलेलं पाणी लाकडी जमिनीऐवजी काँक्रीटवर पडतं.

टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या कडेवरून सांडून ड्रेनच्या पाइपाने संपात येतं, आणि संपातला पंप ते रिटर्नच्या पाइपाने परत वर पाठवतो. मात्र टँक आणि संप यांच्यात आता तीन-साडेतीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहतो. तो पंपाला उचलावा लागतो आणि वीज गेली की तोच खाली येतो. म्हणून या कामाची आखणी पंप चालू असतानाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून करू नये. पंप थांबला की कुठलं पाणी कुठे जाऊन थांबेल, तिथून सुरुवात करावी. पाइप, संप, व्हॉल्व्ह हे सगळं त्यातून आपोआप ठरत जातं.

उदाहरणाला १५० × ६० सेंटीमीटरचा, साधारण ४५० लिटरचा टँक घेऊ. पृष्ठभाग ०.९ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ९ लिटर पाणी खाली. पंप थांबल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपर्यंत उतरतं, आणि रिटर्नचं तोंड त्याहून खाली असेल तर उलट्या सायफनने त्या तोंडापर्यंत. एकूण उतार ३ सेंटीमीटर धरला तर २७ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्समधले सुमारे ९ लिटर. २५ मि.मी. आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला जवळजवळ अर्धा लिटर मावतं, तेव्हा १० मीटर रिटर्नचे ५ आणि ८ मीटर ड्रेनचे ४ लिटर. स्किमरच्या नळकांड्यातलं पाणीही संपाच्या पातळीला येतं. बेरीज पन्नासच्या आसपास जाते. संपात चालू पातळीच्या वर निदान ७५ लिटरची जागा मोकळी हवी. रिटर्नचं तोंड १० सेंटीमीटर खोल बुडवलेलं असेल तर एवढ्या एका कारणाने ९० लिटर खाली येतील, आणि मग कितीही मोठा संप लहानच ठरेल.

म्हणून रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जवळ ठेवायचं आणि पाइपाला पाण्याच्या रेषेच्या जरा खाली ५-६ मि.मी.चं सायफन तोडणारं भोक पाडायचं. या भोकावर गुलाबी कोरलाइन शैवाल चढतं, कधी गोगलगाय येऊन बसते. महिन्यातून एकदा ते ब्रशने मोकळं करावं लागतं. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावायला हरकत नाही, पण केवळ त्याच्या भरवशावर संप लहान ठेवणं मला अजिबात मान्य नाही. खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्यावर कॅल्शियमचा थर आणि नळी बांधून राहणारे किडे जमतात, आणि एक कण अडकला तरी तो झिरपत राहतो.

याच्या उलट प्रसंगही मोजून ठेवा. ड्रेन तुंबला आणि पंप चालूच राहिला तर संपाच्या ज्या कप्प्यात पंप असतो त्या रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार. टँकच्या काठापर्यंत ३ सेंटीमीटर जागा असेल तर वर २७ लिटर मावतील. त्या कप्प्यात पंपाच्या तोंडाच्या वर याहून कमी पाणी असलं पाहिजे, म्हणजे टँक सांडण्याआधी पंप कोरडा पडेल. कोरडं चालल्यावर आपोआप बंद होणारा पंप घेतला तर तोही वाचतो. संप मोठा असला तरी रिटर्नचा कप्पा लहान ठेवायचा, तो यासाठी.

टँकला भोकं नसतील आणि काठावर लटकणारा सायफन-ओव्हरफ्लो वापरायचा विचार असेल, तर संप तळघरात नेऊ नका. त्या सायफनमध्ये हवा जमून तो तुटला की पंप पाणी वर फेकतच राहतो, आणि वरच्या मजल्यावर तेव्हा कोणी असेलच असं नाही.

ड्रेनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कपाटातल्या सवयी इथे चालत नाहीत. हवा आणि पाणी एकत्र पडू देणारा साधा उभा ड्रेन एका मीटरला सुसह्य असतो. तीन मीटरला तो धबधब्यासारखा वाजतो, संपात बारीक बुडबुडे सोडतो आणि आसपास मिठाचे थर चढवतो. इथे पूर्ण भरून वाहणारा सायफन हवा. दोन पाइपांची हर्बी पद्धत चालते: एक गेट व्हॉल्व्हने आवळलेला सायफन, दुसरा आणीबाणीचा. तीन पाइपांची बीनअ‍ॅनिमल पद्धत जास्त निर्धास्त, कारण मधला उघडा पाइप छोटे चढउतार स्वतःच सांभाळून घेतो आणि व्हॉल्व्हला सारखा हात लावावा लागत नाही. टँकला तिसऱ्या भोकाची सोय असेल तर मी तीच निवडेन.

गेट व्हॉल्व्ह खाली, संपाजवळ बसवायचा. वर बसवला तर त्याच्या खालचा पाइप कधी पूर्ण भरत नाही, सांध्यांतून हवा ओढली जाते आणि गुरगुर थांबत नाही. खाली असला की पूर्ण पाइप पाण्याने भरलेला आणि शांत राहतो. बॉल व्हॉल्व्ह यासाठी वापरू नका, त्याने बारीक जुळणी होत नाही.

दुसरी चूक जाड पाइप घेण्याची. तीन मीटरच्या उतारावर ४० मि.मी.चा सायफन इतकं पाणी ओढू शकतो, की तासाला १५०० लिटरसाठी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करावा लागतो. त्या फटीत शैवालाचा एक तुकडा अडकला की प्रवाह निम्मा. सायफनचा पाइप २५ मि.मी.चा घेतला तर व्हॉल्व्ह बराच उघडा राहतो आणि सुरुवातीला अडकलेली हवाही लवकर ढकलली जाते. आणीबाणीचा पाइप मात्र जाडच, ४० मि.मी.चा, आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही. सायफनचं खालचं टोक पाण्यात फक्त २-३ सेंटीमीटर बुडवा. आणीबाणीचं टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे ते वाहू लागलं की आवाजानेच कळेल. आडवे पाइप टाळता येत नसतील तर दर मीटरला २ सेंटीमीटर उतार द्या, मध्ये कुठेही उंचवटा नको, आणि ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरा. वरच्या तोंडांना जाळी हवीच, नाहीतर मासे आणि गोगलगाई पाइपातून तळघरात पोचतात.

आता पंप. खोक्यावर ‘तासाला ५००० लिटर’ लिहिलेलं असतं ते शून्य उंचीचं. ‘कमाल उंची ४ मीटर’ याचा अर्थ चार मीटरला पाणी जेमतेम पोचतं, वाहत नाही. उंची मोजायची ती संपातल्या पाण्याच्या पातळीपासून टँकच्या पातळीपर्यंत. इथे साडेतीन मीटर धरू. त्यात घर्षण मिळवा. तासाला १५०० लिटर प्रवाहाला २५ मि.मी. आतला व्यास, १० मीटर लांबी आणि सहा एल्बो असतील तर साधारण अर्धा मीटर उंचीइतका तोटा होतो. हेच २० मि.मी.मधून नेलं तर दीड मीटरच्या पुढे. म्हणजे रिटर्नला जाड पाइप आणि सायफनला त्या मानाने बारीक, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

एकूण चार मीटर. पंपाच्या आलेखावर चार मीटरला १५०० लिटर दिसले पाहिजेत, कमाल उंची सहा मीटर किंवा अधिक असावी. टँकच्या तिप्पट पाणी तासाला फिरलं की पुरतं. प्रवाळांना लागणारा जोर वेव्हमेकरने (टँकमधलंच पाणी ढकलणाऱ्या पंख्याने) द्या, कारण पाणी चार मीटर चढवून प्रवाह निर्माण करणं हा विजेचा अपव्यय आहे. १५०० लिटर चार मीटर उचलायला निव्वळ १७ वॅट लागतात, आणि पंपाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर ५५ च्या पुढे. कपाटातल्या १.३ मीटरला निव्वळ साडेपाचच लागत होते. संप भक्कम स्टँडवर ३०-५० सेंटीमीटर वर उचलून ठेवला तर तेवढी उंची वाचते आणि खाली बादलीही सरकते. पंप आणि कडक पाइप यांच्यात हातभर लवचिक नळी घाला, थरथर भिंतीत जाणार नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) लावा. पितळेची किंवा तांब्याची एकही फिटिंग नको, तांब्याने प्रवाळ आणि कोळंबी मरतात. पारदर्शक नळीत उजेडाने शैवाल वाढतं, तीही टाळा.

जमिनीला भोक पाडण्याआधी खाली तुळई, सळई, वायर किंवा पाण्याची लाइन नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्या. भोक पाडतानाच एक पाइप जास्तीचा टाकून ठेवा. वायर, डोसिंगची नळी, उद्या पाणी बदलायची लाइन, त्याला काम मिळतंच.

तापमानाचा सापळा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हीटर संपात आणि त्याचा सेन्सर वरच्या टँकमध्ये असेल, तर पंप थांबल्यावर टँक थंड होत जातो, सेन्सर उष्णता मागत राहतो आणि हीटर संपातलं पाणी तापवत बसतो. पंप पुन्हा सुरू झाला की ते गरम पाणी माशांवर येतं. सेन्सर हीटरच्या कप्प्यातच ठेवा आणि वर वेगळा, अलार्म असलेला थर्मामीटर लावा. वीज गेल्यावर टँकमध्ये सर्वांत आधी ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एक वेव्हमेकर पृष्ठभागाकडे तोंड करून असू द्या. रिटर्न पंप आणि हीटर एका सर्किटवर, वेव्हमेकर दुसऱ्यावर, दोन्हींना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच). सॉकेट संपाच्या वर नको, बाजूच्या भिंतीवर हवेत. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही. गळतीचे सेन्सर दोन्ही मजल्यांवर लावा.

बाष्पीभवन भरून काढणाऱ्या ऑटो टॉप-ऑफची टाकी मोठी ठेवायचा मोह तळघरात होतो. ड्रेन अर्धवट तुंबला की टँकची पातळी वाढते, रिटर्नचा कप्पा उतरतो, आणि टॉप-ऑफला वाटतं पाणी उडालं. तो गोडं पाणी ओतत राहतो. एकूण ६०० लिटरच्या प्रणालीत २५ लिटर गोडं पाणी गेलं तर क्षारता (पाण्याच्या दर हजार भागांतलं मीठ) ३५ वरून ३३.६ वर येते, ते निभावतं. १०० लिटर गेले तर ३० वर येते, आणि वर पूर येतो तो वेगळाच. मोठी टाकी ठेवा, पण तिच्यातून हाताने २५ लिटरची छोटी टाकी भरा. त्या छोट्या टाकीची पातळी संपाच्या वर नको, नाहीतर टॉप-ऑफचा पंप थांबल्यावरही सायफन चालू राहतो.

बंद तळघरात दमटपणा साचतो आणि भिंतींना बुरशी येते. संपावर झाकणं आणि बाहेर हवा टाकणारा पंखा हे पहिल्या दिवसापासून हवं. तिथली हवा कोंदट असेल तर स्किमर कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळत राहतो आणि पीएच ७.८ च्या आसपास अडकतो. स्किमरची हवेची नळी घराबाहेर नेणं हा सर्वांत साधा उपाय. स्किमरच्या कप्प्यातली पातळी आडव्या पट्टीने कायम ठेवा, रिटर्नच्या कप्प्यासोबत ती खालीवर होऊ देऊ नका.

प्रत्यक्ष बदलाच्या वेळी जुना संप शेवटपर्यंत चालू ठेवायचा. नवे पाइप आधी न चिकटवता जोडून बघा, मग सॉल्व्हंट सिमेंट लावा आणि २४ तास सुकू द्या. नवा संप गोड्या पाण्याने भरून दिवसभर तसाच ठेवा, पाइपांतूनही तेच पाणी खेळवा, सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून तपासा, आणि ते पाणी टाकून द्या. मग वाढणाऱ्या आकारमानाइतकं मिठाचं पाणी आदल्या दिवशी कालवा. १५० लिटर वाढणार असतील तर लिटरला ३६ ते ४० ग्रॅमच्या हिशोबाने साधारण साडेपाच ते सहा किलो मीठ लागेल. क्षारता ३५, तापमान टँकच्या एक अंशाच्या आत.

जुन्या संपातले खडक आणि बायोमीडिया (जीवाणू राहतात ते सच्छिद्र तुकडे) टँकच्याच पाण्यात बुडवून न्या, ते सुकले तर जीवाणू मरतात. तळातला गाळ मात्र नेऊ नका. त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि कुजकी घाण असते, ती ढवळली की एका रात्रीत मासे जाऊ शकतात. वर खडक आणि वेव्हमेकर चालू आहेत तोवर टँक संपाशिवाय काही तास निभावतो. पाइप जोडायला घाई करायचं कारण नाही.

चालू झाल्यावर सायफन जुळवा: व्हॉल्व्ह पाव फेरी फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा बघा. मग पंप बंद करा, पाणी उतरून थांबू द्या आणि संपावर ‘बंद’ची रेषा काढा. चालू करून ‘चालू’ची रेषा काढा. हे तीनदा करा. दर वेळी सायफन हात न लावता पुन्हा लागला पाहिजे. नंतर मुख्य ड्रेनवर बोळा दाबून बघा, आणीबाणीच्या पाइपाने सगळा प्रवाह एकट्याने नेला पाहिजे. शेवटी सायफन तोडणारं भोक बोटाने बंद धरून पंप बंद करा आणि संपात किती जागा उरते ते पाहा.

पहिला आठवडा अमोनिया रोज तपासा. आकारमान वाढलं तरी प्रवाळ कॅल्शियम आणि अल्कलिनिटी पूर्वीइतकीच खातात, म्हणून रोजचा डोस तोच राहतो. एकदाच द्यायची दुरुस्ती आणि औषधाची मात्रा मात्र नव्या आकारमानावर काढायची. नव्या पाइपांच्या आत जैविक थर बसत जातो तसा सायफनचा प्रवाह थोडा कमी होतो, त्यामुळे पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा ओव्हरफ्लो बॉक्समधली पातळी बघून व्हॉल्व्ह किंचित उघडावा लागतो.