वावराची हद्द ऑटोकॅडमध्ये काढताना फट काय सांगते, काय लपवते

बेअरिंग (म्हणजे प्रत्येक रेघेची दिशा, अंशांत) आणि अंतरांचा तक्ता हातात आला की ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हद्द काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. बहुतेक जण शेवटच्या कोपऱ्यावर येऊन 'सी' दाबतात, पॉलीलाइन (सलग जोडलेल्या रेघा) बंद होते आणि आकृती सुबक दिसते. त्या एका अक्षरानं मोजणीतली आणि टायपिंगमधली अर्धी चूक झाकली जाते. शेवटची रेघसुद्धा तक्त्यातल्या अंतरानं आणि बेअरिंगनंच काढा. ती सुरुवातीच्या बिंदूवर तंतोतंत येणार नाही, थोडी फट राहील. ती फट मोजल्याशिवाय धुऱ्याबद्दल (बांधाबद्दल) कोणाला काही सांगू नये.

आधी सेटिंग. 'यूएन' टाईप करून युनिट्सची खिडकी उघडा. लांबी डेसिमल, तीन दशांश. अँगलमध्ये 'सर्व्हेयर्स युनिट्स', सेकंदापर्यंत. दिशा ईस्ट राहू द्या, क्लॉकवाइजची खूण काढा, इन्सर्शन स्केल मीटर. एफ१२ दाबून डायनॅमिक इनपुट बंद करा, म्हणजे टाईप केलेलं सरळ कमांड लाइनमध्ये जाईल.

समजा अ-ब-क-ड असं चार कोपऱ्यांचं वावर आहे. अ-ब: उत्तर ८२°३०' पूर्व, ११८.४० मीटर. ब-क: दक्षिण ५°१५' पूर्व, ८६.२०. क-ड: दक्षिण ८४°१०' पश्चिम, १२१.६०. ड-अ: उत्तर ३°००' पश्चिम, ८२.७०. पॉलीलाइन घ्या, पहिला बिंदू ०,० द्या आणि एकेक ओळ टाईप करा. पहिली ओळ अशी: @११८.४०<एन८२डी३०'ई. अंक आणि अक्षरं अर्थातच इंग्रजी की-बोर्डची. अंशाच्या खुणेऐवजी 'डी' लागतो. शेवटच्या रेघेनंतर नुसतं एंटर.

तक्ता पूर्ण वर्तुळाच्या बेअरिंगमध्ये असेल तर याच चार रेघा ८२°३०', १७४°४५', २६४°१०' आणि ३५७°००' अशा दिसतील. मग एक तर बदलून घ्या (९० ते १८० असेल तर १८० मधून वजा करून दक्षिण-पूर्व, १८० ते २७० असेल तर त्यातून १८० वजा करून दक्षिण-पश्चिम, त्यापुढे ३६० मधून वजा करून उत्तर-पश्चिम), नाही तर युनिट्समध्ये दिशा नॉर्थ, क्लॉकवाइज आणि अँगल अंश-मिनिट-सेकंद करा. एका ड्रॉइंगमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नका.

आता फट. 'डिस्ट' कमांडनं 'अ' पासून शेवटच्या टोकापर्यंत मोजा. वरच्या आकड्यांत ती ०.१६ मीटर येते, जवळजवळ सरळ दक्षिणेकडे. परिमिती ४०८.९० मीटर, म्हणजे चूक साधारण १:२,६००. होकायंत्राच्या मोजणीत १:३०० ते १:६०० पर्यंतची चूक पाठ्यपुस्तकं चालवून घेतात. टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राकडून मात्र याहून बरीच कमी चूक अपेक्षित आहे, त्यामुळे तक्ता कशावरून झाला ते विचारायलाच हवं.

फट मोठी असेल तर तिच्या लांबीकडे आणि दिशेकडे, दोन्हीकडे पाहा. ब-क च्या रेघेत पूर्वऐवजी चुकून पश्चिम टाईप झालं तर टोक 'अ' पासून १५.८ मीटर सरळ पश्चिमेला जातं. याचं निम्मं ७.९. ब-क रेघ पूर्वेकडे किती सरकते? ८६.२० गुणिले साइन ५°१५', म्हणजे ७.८९. सापडली. फट सरळ पूर्व-पश्चिम असेल तर तिच्या निम्म्याइतकं पूर्व-पश्चिम सरकणारी रेघ शोधायची. उत्तर-दक्षिण असेल तर तसंच, कोसाइननं. दुसरी नेहमीची चूक आकड्यांच्या अदलाबदलीची. १२१.६० चं ११२.६० झालं तर फट ८.९६ मीटर, बेअरिंग उत्तर ८५°०८' पूर्व. ही दिशा क-ड च्या रेघेशी जुळते, कारण लांबी चुकली की फट त्याच रेघेला समांतर पडते. समोरासमोरचे धुरे जवळजवळ समांतर असले, आणि आपल्याकडच्या वावरांत ते बहुधा असतात, तर दोन्ही रेघा तपासा.

८२°३०' हे ८२.३० असं दशांशात टाईप केलं तर ते ८२°१८' होतं. अ-ब च्या टोकाला त्यानं ४१ सेंटीमीटरचा फरक पडतो. एवढी फट लोक 'मोजणीतली असेल' म्हणून सोडून देतात. सोडू नका, ४१ सेंटीमीटरवर तुरीची आख्खी ओळ बसते.

टायपिंगच्या चुका निघाल्या की उरलेली फट बोडिचच्या नियमानं वाटा: प्रत्येक रेघेला तिच्या लांबीच्या प्रमाणात दुरुस्ती, एक्सेलमध्ये. मग दुरुस्त कोऑर्डिनेट टाकून दुसरी पॉलीलाइन काढा आणि ती बंद करा. पहिली उघडी पॉलीलाइन वेगळ्या लेयरवर तशीच ठेवा. 'एरिया' कमांडनं या वावराचं क्षेत्र १०,१२१ चौरस मीटर येतं, म्हणजे १.०१ हेक्टर-आर, जुन्या हिशेबानं अडीच एकर. सातबाऱ्याशी हे ताडून पाहा.

पण काही चुका अशा आहेत की फट छान येते आणि क्षेत्रही जुळतं. ऑटोकॅड मुळात पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट दिशेनं कोन मोजतं. सेटिंग न बदलता पूर्ण वर्तुळाची बेअरिंग टाकली तर आकृती आरशातल्यासारखी उलटी होते. फट तीच १६ सेंटीमीटर, क्षेत्र तेच. इथं खरेदीखतातली चतुःसीमाच कामाला येते. पूर्वेला पांधण (शेतरस्ता) लिहिली आहे आणि नकाशात ती उत्तरेला दिसते, तर उलटलं आहे.

मापाचंही बरंचसं तेच, फक्त क्षेत्र जुळत नाही. जुन्या टिपणातली अंतरं साखळी-आण्यांत असतील तर ती साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३ साखळी १० आणे म्हणजे ३.१० नव्हे, ३.६२५ साखळी: ३६.४६ मीटर. तेच ३.१० धरलं तर ३१.१८ मीटर, सव्वापाच मीटर कमी. ही चूक एका ओळीत झाली तर फट ती पकडेल. पण ६६ फुटी आणि ३३ फुटी साखळीची गल्लत सगळ्याच ओळींत झाली तर फट आकृतीबरोबरच वाढते-घटते, प्रमाण तेच राहतं. तिथं क्षेत्रच चौपट किंवा पाव येऊन चूक सांगतं.

सगळ्यांत लपलेली चूक उत्तरेची. अख्खं वावर अर्ध्या अंशानं फिरलं तरी ना फट बदलते, ना क्षेत्र, पण २०० मीटरवरचा कोपरा पावणेदोन मीटर सरकतो. होकायंत्राची उत्तर लोखंडी तारेच्या कुंपणाशेजारी किंवा टॉवर लाइनखाली बिघडते. रेघेचं पुढचं आणि मागचं बेअरिंग बरोबर १८० अंशांनी वेगळं नसेल, तर दोनपैकी एका ठिकाणी असंच काही आहे. आणि रोव्हरच्या (उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राच्या) मोजणीशी जुळवताना विदर्भात एक जास्तीची अडचण आहे. ७८° रेखांश विदर्भातून जातो. यूटीएम या कोऑर्डिनेट पद्धतीचे दोन झोन (पट्टे) तिथं भेटतात: अमरावती, अकोला ४३ मध्ये. वर्धा, नागपूर ४४ मध्ये. अमरावतीजवळ ग्रिडची (झोनच्या उभ्या-आडव्या रेघांची) उत्तर खऱ्या उत्तरेपेक्षा जवळपास १° पूर्वेला असते, नागपूरजवळ सुमारे ४१' पश्चिमेला. म्हणून अमरावतीच्या फाइलमधली दुरुस्ती नागपूरच्या फाइलला लावली तर चूक कमी होत नाही, वाढते. जागेवर नक्की ओळखता येणारे दोन जुने दगड रोव्हरनं घ्या आणि 'अलाइन' कमांडनं आकृती त्यांवर बसवा. स्केल करायचं का असं विचारलं की 'नो' म्हणा. दोन दगडांमधलं अंतर आकृतीशी जुळलं नाही तर एक दगड हललेला आहे किंवा तक्ता चुकला आहे, आणि स्केल केल्यानं तो पुरावाच पुसला जातो.

नकाशा छापताना कोपऱ्यात तीन ओळी लिहा: उत्तर कुठली धरली, तक्ता कशावरून घेतला, वाटण्याआधी फट किती होती. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची जागा हा नकाशा घेऊ शकत नाही, हेही तिथंच लिहा. पण भूकरमापक वावरात येईल तेव्हा या तीन ओळी असलेला कागद त्याच्या क प्रतीशेजारी (सरकारी मोजणीच्या नकाशाशेजारी) ठेवून तपासता येतो.