लहानगी जलपरी, सावल्यांचा खेळ: शेपटी अखेर पडद्यावरच विरघळली

जलपरीची शेपटी जाऊन पाय येतात तो प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवायचा आहे. मागच्या नोंदीतला बेत, म्हणजे शेपटीचे दोन अर्धे भाग सांध्यावर उघडायचे, तो बाद. दोन भागांमधून उजेडाची चीर दिसायचीच, आणि अँडरसनच्या 1837च्या कथेतला सगळ्यात जीवघेणा क्षण कपाटाचं दार उघडल्यासारखा वाटायचा.

नवी रचना अशी. पाय काळ्या, जाड कार्डाचे (300 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम). त्यांच्यावर शेपटीच्या आकारात कापलेली पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणारी फिल्म; त्या दिशेला तिचा अक्ष म्हणतात. दिव्यापुढे त्याच फिल्मची फिरती चकती. दोघांचे अक्ष काटकोनात असले की शेपटी काळी दिसते. चकती 90 अंश फिरवली की शेपटी निवळते आणि पाय तेवढे उरतात. दिवा पडद्यापासून 120 सें.मी.वर आणि पडदा 60 बाय 45 सें.मी. असेल, तर दिव्यापासून 8 सें.मी.वर 6 सें.मी. व्यासाची चकती पुरते. दिवा डब्यात बंद हवा. चकतीला बगल देऊन आलेला उजेड काळेपणाचा सत्यानाश करतो.

सगळा वेळ खाल्ला तो एकाच भानगडीने: शेपटी काळी होतच नव्हती. कुठे जांभळे डाग, कुठे पिवळट पट्टे. दोष फिल्मचा नव्हता, समुद्रासाठी लावलेल्या निळ्या सेलोफेनचा होता. सेलोफेन ताणून बनतो, त्यामुळे त्यातून जाताना प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, बदलतं. तो चकती आणि बाहुली यांच्यामध्ये आला की खेळ संपला. रंगाचा कागद नेहमी दिवा आणि चकती यांच्यामध्येच ठेवायचा. फिल्मवरचं संरक्षक प्लास्टिकही हाच घोळ घालतं, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सोलायचं. चिकटवायला सेलोटेप चालेल, पण फक्त पडद्याकडच्या बाजूने.

दुसरी अडचण कलण्याची. बाहुली 20 अंश कलली की जवळजवळ 12 टक्के उजेड शेपटीतून निसटतो, 45 अंशांवर निम्मा. पोहणाऱ्या जलपरीला ही फिल्म म्हणूनच निरुपयोगी; तिथे जुनी कार्डाची सांधेवाली बाहुलीच बरी. रूपांतरासाठी मात्र उत्तर कथेतच आहे. महालाच्या संगमरवरी पायऱ्यांवर ती समुद्रातल्या चेटकिणीने दिलेलं औषध पिते, अंगातून दुधारी तलवार आरपार गेल्यासारखं होतं आणि ती निपचित पडते. उजाडल्यावर शुद्ध येते तेव्हा शेपटी नसते. म्हणजे या प्रवेशात तिने हलायचंच नाही! आडवी बाहुली पायऱ्यांच्या कटआउटलाच पक्की केली की अक्ष ढळत नाही. चकतीमागचा निळा कागद सरकवून पिवळा आणला की पहाटही तिथेच होते.

फिरवण्याचा वेग सारखा ठेवू नका. पहिल्या आणि शेवटच्या 20 अंशांत बदल थोडाच होतो, खरा बदल 30 ते 60 अंशांमध्ये होतो. तिथे हात अगदी संथ हवा.

फिल्मबद्दल: एलसीडी टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे मिळते तीच घ्या, प्रयोगशाळेच्या साहित्यवाल्यांचे छोटे तुकडे उगाच महाग पडतात. घेताना अक्ष 0 अंशाचा की 45चा ते विचारा आणि कापण्याआधी कोपऱ्यात बाण काढा. स्वस्त फिल्ममधून गडद जांभळा उजेड थोडा गळतो आणि आतले पाय आधीच दिसतात. एकाच दिशेने दोन थर लावले की ते थांबतं. हॅलोजन जवळ नको, उष्णतेने फिल्म खराब होते. एलईडी घ्या, पण नेहमीच्या दुप्पट तरी ताकदीचा, कारण निम्म्याहून जास्त उजेड चकतीच गिळते. दिव्याचं तोंड 20 मिमी असेल तर पडद्यापासून 2 सें.मी.वरच्या बाहुलीची कड जेमतेम 0.3 मिमी पुसट होते, 15 सें.मी.वर जवळपास 3 मिमी. लांबून येणाऱ्या पाच बहिणींसाठी हा पुसटपणा फार सुंदर दिसतो.

आणि हे लिहिता लिहिता शेवटच्या प्रवेशाचा बेतही बदलला. फेसासाठी कापूस आणि जाळी लावायचं ठरलं होतं, ते राहू दे. राजपुत्राला मारण्यासाठी दिलेली सुरी समुद्रात टाकून ती स्वतः उडी घेते आणि तिचा फेस होतो, तिथे अख्खी बाहुलीच फिल्मची करायची. चकती फिरली की शरीर निवळेल, पण पुरतं नाहीसं होणार नाही. फिल्म पारदर्शक झाली तरी पुसट राखाडी छटा राहते. फेसातून उठून हवेच्या कन्यांमध्ये (कथेतल्या हवेत तरंगणाऱ्या अदृश्य जीवांमध्ये) जाणाऱ्या तिला नेमकी तीच छटा हवी. इथे तिला वर उचलायचं आहे, तेव्हा कलणं टाळायला बाहुली सळीऐवजी दोन उभ्या दोऱ्यांवर सरळ ओढावी लागेल. दोऱ्यांमधलं अंतर बाहुलीच्या रुंदीइतकं ठेवून आधी तेवढंच तपासायचं आहे.