डोमेनबाहेरच्या लॅपटॉपला ऑफिसचा प्रिंटर देताना

ऑडिट सुरू झाले की सीए फर्ममधली आर्टिकलशिप करणारी मुले आपापले लॅपटॉप घेऊन अकाउंट्स विभागात येऊन बसतात, आणि पहिल्याच दिवशी 'सर, प्रिंट कुठून काढायची?' अशी विचारणा आम्हा सिस्टिमवाल्यांकडे येते. ते लॅपटॉप दुसऱ्या संस्थेचे असल्यामुळे आपल्या डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या व खात्यांच्या जाळ्यात, घेता येत नाहीत, आणि प्रिंटर तर डोमेनमधल्या प्रिंट सर्व्हरवरून, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या संगणकावरून, शेअर केलेला असतो. अशा वेळी सर्व्हरवरचे अनोळखी लोकांसाठीचे गेस्ट खाते चालू करून मोकळे होण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिने काम भागते, तरीही मला ती मुळीच मान्य नाही. कारण गेस्ट खाते प्रिंटरपुरते उघडत नाही, त्या सर्व्हरवर 'एव्हरीवन'ला, म्हणजे सर्वांना, खुले असलेले प्रत्येक शेअर्ड फोल्डरही त्याच्यासोबत उघडे पडते.

डोमेनमधला संगणक कर्बेरॉसचे, म्हणजे डोमेनच्या ओळख-प्रणालीचे, तिकीट दाखवून सर्व्हरपाशी आपली ओळख पटवतो. बाहेरचा लॅपटॉप मात्र स्वतःवरच्या लॉगिनचे नाव आणि पासवर्ड पुढे करतो, जे सर्व्हरला ठाऊकच नसते. म्हणून त्याला सर्व्हर ओळखेल असे एखादे खाते द्यावे लागते. मी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत, केवळ छपाईसाठी एक वेगळे खाते उघडतो आणि त्याला प्रिंटरवर फक्त 'प्रिंट' एवढीच परवानगी देतो. इथे एक गोष्ट हमखास निसटते: नवे खाते आपोआप 'डोमेन यूजर्स' या गटात जाते आणि त्या गटाला मिळालेले सगळे त्यालाही मिळते. त्यामुळे आधी एक स्वतंत्र गट करून तो खात्याचा प्रायमरी ग्रुप ठरवावा आणि मगच 'डोमेन यूजर्स'मधून त्याला काढावे. उलट क्रमाने केल्यास विंडोज ते करू देत नाही.

लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवते तिथे, सर्व्हरचे डोमेनसकट पूर्ण नाव, आणि यूजरनेमच्या जागी डोमेनचे नाव, उलटी तिरकी रेघ व खात्याचे नाव लिहावे. प्रिंटर जोडतानाही सर्व्हरचे तेच पूर्ण नाव वापरावे. एका ठिकाणी आयपी पत्ता आणि दुसरीकडे नाव दिले, तर साठवलेला पासवर्ड वापरलाच जात नाही. त्याच सर्व्हरवरचे एखादे फोल्डर आधीच दुसऱ्या यूजरनेमने उघडलेले असेल, तर १२१९ क्रमांकाची त्रुटी येते. तेव्हा जुनी जोडणी तोडून पुन्हा प्रयत्न करावा.

ड्रायव्हरचा, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न यापेक्षा किचकट आहे. २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' ही प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागातली, सुरक्षेची त्रुटी गाजली आणि ऑगस्टच्या अपडेटपासून सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी ॲडमिनचा अधिकार लागू लागला. त्यानंतरच्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी ११बी असलेला त्रुटिक्रमांक अनेकांच्या पडद्यावर झळकला, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, एक किंमत शून्य करण्याचा तोडगा सगळीकडे पसरला. तो तोडगा सर्व्हरच्या बाजूचे संरक्षणच काढून टाकतो, त्यामुळे तो वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याऐवजी ड्रायव्हर लॅपटॉपवर आधी बसवून, 'लोकल पोर्ट' निवडून त्यात शेअरचा पूर्ण मार्ग लिहिला, की सर्व्हरकडून ड्रायव्हर मागण्याची वेळच येत नाही. यासाठी लॅपटॉपवर ॲडमिनचा अधिकार हवा, आणि तो ऑडिटरच्या मुलांकडे बहुधा नसतो.

म्हणूनच चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांसाठी मी सर्व्हर बाजूलाच ठेवतो. प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता देऊन, पाहुण्यांच्या वेगळ्या व्हीलॅनमधून, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातून, फक्त त्या पत्त्याच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत, म्हणजे आयपीपी या नेटवर्कवरून छपाई करण्याच्या पद्धतीपर्यंत, वाट मोकळी करतो. विंडोज १० आणि ११ मध्ये आयपीपीचा ड्रायव्हर आधीपासूनच असल्यामुळे बहुतेक नवे प्रिंटर त्यावर चालतात. ९१०० या पोर्टवरूनही छपाई होते, पण तिथे पासवर्ड विचारला जात नाही आणि मजकूरही उघडाच जातो, त्यामुळे ताळेबंदाचे कागद त्या वाटेने पाठवायला माझे मन धजत नाही. वेगळे छपाई-खाते मी महिनोन्महिने बसणाऱ्या सल्लागारांपुरते राखून ठेवतो, आणि ते उघडतानाच त्याला मुदतीची तारीख घालतो.