साल्वादोरची वडेवाली

चवळीला आपल्याकडे फारसा मान नाही. मटकीची मिसळ होते, वालाचं बिरडं होतं, चवळी मात्र घरात दुसरं काही नसलं की आठवते. त्यामुळे ब्राझीलमधल्या साल्वादोरला चवळीच्या वड्यासाठी लागलेली रांग बघून मला फार बरं वाटलं.

वड्याचं नाव अकाराजे. भरडलेली चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, कांदा-मीठ घालून वाटायची. बेसन नाही, सोडा नाही. पीठ लाकडी डावाने इतकं फेटतात की ते आपोआप हलकं होतं. तळायला पामचं शेंदरी तेल, देंदे. कढईत एक अख्खा कांदा सोडलेला असतो, तेल जळू नये म्हणून. तळलेला वडा सुरीने चिरायचा आणि त्यात वातापा भरायचं. वातापा म्हणजे पाव, सुकी कोळंबी, काजू-शेंगदाणे आणि नारळाचं दूध यांचं दाटसर प्रकरण. हा काजू मूळचा तिथल्याच किनाऱ्याचा, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. उलट फणस त्यांनी आपल्याकडून तिकडे नेला. हिशेब बहुतेक चुकता झाला!

पण रांगेत उभी राहून मी बघत होते ती तळणाऱ्या बाईकडे. काळी, अंगाने भरलेली, पांढऱ्या लेसचा घेरदार झगा, डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. गळ्यातल्या माळांच्या रंगावरून म्हणे जाणत्याला तिचं दैवत कळतं. हा वडा मुळात वादळवाऱ्याच्या इयान्सां देवीचा नैवेद्य. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या बायकांबरोबर तो समुद्र ओलांडून आला. नायजेरियात तो आजही खातात. गुलामीच्या काळात या बायका डोक्यावर पाट्या घेऊन गल्लोगल्ली विकायच्या. ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, वर उरेल ते आपलं. त्या उरलेल्यातून कितीतरी जणींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. कायद्याने गुलामी संपली ती थेट 1888 साली.

आता या वेशाची गंमत बघा. तो जगाला माहीत झाला कार्मेन मिरांदामुळे. ही पोर्तुगालमध्ये जन्मलेली, गोरी, ब्राझीलमध्ये वाढलेली गायिका. 1939 मध्ये तिने हा वेश पडद्यावर घातला आणि त्याच वर्षी न्यू यॉर्क गाठलं. पुढे हॉलिवूडमध्ये तिच्या डोक्यावरच्या फळांचा ढीग वाढतच गेला. बाई गुणी होती, वाद नाही. पण पाटी ज्यांनी वाहिली, त्यांच्यातली एकही तिच्या सिनेमांच्या पोस्टरवर नव्हती. साल्वादोरमध्ये दहातले आठ लोक काळे किंवा मिश्र वंशाचे आहेत, हे त्या पोस्टरवरून कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

2005 मध्ये ब्राझील सरकारने वडेवाल्यांच्या या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. मग 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाची तयारी सुरू झाली आणि फीफाच्या नियमांनुसार स्टेडियमच्या आसपास बाहेरच्या विक्रेत्यांना मज्जाव झाला. म्हणजे वारसा कागदावर, आणि वारसदार दाराबाहेर! बायका गप्प बसल्या नाहीत. झगे-माळा घालून निदर्शनं केली, हजारो सह्या गोळा केल्या, आणि विश्वचषकाआधी 2013 मध्ये झालेल्या कॉन्फेडरेशन्स चषक स्पर्धेत सहा जणींना आत जागा मिळाली. सहाच. तरी मी त्याला जिंकणंच म्हणेन.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका आता इकडे मुद्दाम येतात. ऑगस्टमध्ये जवळच्या काशोएरा गावात काळ्या बायकांच्या एका जुन्या भगिनीमंडळाचा उत्सव असतो. पूर्वी या मंडळाने गुलामांच्या सुटकेसाठी पैसे उभे केले होते. या पाहुण्यांना इंग्रजी येतं, यजमानणींना पोर्तुगीज, आणि वडा दोघींनाही कळतो. आपला देश सोडून दुसऱ्याच्या देशात आपली आजी भेटावी, हे मला हेवा वाटण्यासारखं वाटतं.

तुम्ही गेलात तर जुन्या पेलोरिन्यो भागात दुकानांच्या दारात नुसत्या फोटोसाठी उभ्या असलेल्या, नटलेल्या बायकाही दिसतील. त्या पैसे मागतात आणि पर्यटक कुरकुरतात. मला विचाराल तर निमूट द्यावेत. मग संध्याकाळी रांगेत उभं राहून वडा घ्यावा, तिखट बेताने सांगावं आणि पांढरा शर्ट हॉटेलवरच ठेवून यावा, देंदेचा डाग काही जात नाही.